काठी लावली होती

शिरूर,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

आदरणीय दाजी यांस,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक आहे. थंडीमुळे आईचे गुडघे कुरकुरतात, आवाज मात्र तिचा अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. परवा सहा तारखेला विहारात ताई आणि करुणा भेटल्या. तुम्ही दिसला नाहीत. ताई म्हणाली, शेवंतीचा तोडा होता. असेल.

पत्र बघून हसाल. पण फोनवर सांगितलेलं व्होल्टेज खरं धरायचं नाही, कागदावर लिहून आण, हा नियम तुमचाच. शिवाय फोनवर तुम्ही 'हूं' आणि 'बरं' यापुढे जात नाही. पोपटराव फुलं उतरवून रिकामी गाडी घेऊन वडगाव रासाईला परततो, त्याच्याकडे पाकीट देतोय. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

मुद्द्याचं लिहितो. दौंडच्या शंकररावांचे स्पीकर दुकानात परत आले आहेत.

तेच. दरवाजाएवढे उंच, मध्ये जाळीचे पत्रे, आत आवाज काढणारी ती पातळ फिल्म. शंकरराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, आता एक्क्याऐंशीचे आहेत. परदेशी निघालेल्या एका इंजिन ड्रायव्हरच्या कुटुंबाकडून ते त्यांनी कसे घेतले, ही गोष्ट त्यांनी मला परत पहिल्यापासून सांगितली. मी परत पहिल्यापासून ऐकली. साडेअकरा वर्षं स्पीकर आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या मागच्या खोलीत चादरीखाली होते. वायर कुणी लावली नाही. आता म्हणतात, कान आहेत तोवर एकदा ऐकू दे. टेम्पोत सगळा रस्ता स्वतः स्पीकर धरून उभे होते, निमोण्याजवळच्या खड्ड्यांत ड्रायव्हरला शिव्या घालत.

फिल्म दोन्हीकडची गेली आहे. सैल पडली, एका ठिकाणी ठिणगीने भोकही पाडलं आहे. नवी ताणायची आहे. तुम्ही लाकडी चौकटीवर सायकलची ट्यूब बसवून, फिल्म वरून चिकटवून, ट्यूबमध्ये हवा भरून ताणायचात, तीच पद्धत धरली. पण पंप किती मारायचे ते आठवत नाही. पहिली फिल्म अठराव्या पंपाला फाटली. दुसरी सैल राहिली, वाजवली तर पापडासारखी फडफडेल. ग्राफाइटची भुकटी कापसाने घासून पुसायची ते आठवतं, पण किती पुसायची? एवढं कळवा.

अ‍ॅम्प्लिफायर अजून उघडले नाहीत. साडेचार हजार व्होल्टचं प्रकरण, घाई नको. नवी काठी करून घेतली आहे, फायबरचा दांडा, पुढे तांब्याचा हुक, मागे अर्थिंगची जाड वायर. करंट बंद केल्यावरही कपॅसिटरात जो साठा राहतो तो काठीने उतरवल्याशिवाय आत बोट घालणार नाही. तुम्हाला काळजी नको.

तुमचा हात कसा आहे? थंडीत ती दोन बोटं जास्त आखडतात असं ताई म्हणाली. ती असंही म्हणाली की मोटरीचा स्टार्टर अजून तीच दाबते, तुम्हाला हात लावू देत नाही, आणि रात्री गॅस तुम्ही बंद केला तरी ती उठून बघते. हसत सांगत होती. मीही हसलो.

करुणाचं कळलं. रांजणगावच्या कंपनीत, ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला. डिप्लोमात तालुक्यात तिच्याइतके मार्क कुणाला नाहीत. तुम्ही नाही म्हणालात असं ती सांगत होती. बावीस तारखेला हजर व्हायचं आहे म्हणे. मला त्यात बोलायचा हक्क नाही, पण परत विचार करा.

ताईला जय भीम. करुणाला आशीर्वाद.

तुमचा,
महेंद्र


शिरूर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

आदरणीय दाजी,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. दीड पान. साडेअकरा वर्षांत तुम्ही माझ्याशी सगळं मिळून एवढं बोलला नसाल. पंप मोजू नको, टिचकी मारून ऐक, हलगी तापवल्यावर बोलते तशी फिल्म बोलली की थांब, हे वाचलं आणि स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली. बाराव्या पंपालाच बोलली. मी उगाच अठरापर्यंत गेलो होतो. ग्राफाइटही तुम्ही लिहिलं तसं, बोट काळं होईनासं होईपर्यंत पुसलं. दोन्ही पॅनल तयार आहेत. आरपार दिसतं.

पण पत्राचा उरलेला भाग वाचून जेवलो नाही.

तुम्ही लिहिलंत, "अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या कुणाकडं दे. आपल्या घराण्याच्या हाताला हे काम लाभत न्हाई. मी एवढा शिकवणारा, मीच काठी लावायला विसरलो. करुणा माझीच लेक हाय. तिच्या हातात कुणाचा जीव देऊ? माझा तर थोडक्यात वाचला." आणि पुढे करुणाने विचारलेलं लिहिलंत, पप्पा, तुम्हाला विसरल्याचं आठवतं का, आणि तुम्ही तिला सांगितलंत की त्या दिवशीचं सकाळपासूनचं काहीच आठवत नाही, पण जे झालं त्यावरूनच कळतं.

दाजी, मी काल अ‍ॅम्प्लिफायर उघडला. तुमचं ऐकलं नाही. झाकणाचे आठ स्क्रू काढले, काठी लावली, क्लिप लावली आणि मग आत पाहिलं.

डावीकडच्या पट्टीवर आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं आहे. "१९/५, ११.४०, काठी, क्लिप. चां." अक्षर तुमचं, तारीख त्याच दिवसाची. साठा उतरवला की वेळ टाकून खडूने लिहायची सवय तालुक्यात दुसऱ्या कुणाला नाही. बंद पेटीत कुणाचा हात लागला नाही म्हणून जसंच्या तसं राहिलं आहे.

तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही काठी लावली होती. परत साठू नये म्हणून क्लिपही लावून ठेवली होती. हे ताईला सांगा, आत्ता सांगा, पत्र खाली ठेवून.

मग झालं कसं, याचा मी विचार केला. साठा हळूहळू जिरवणारा जो रेझिस्टर असतो तो जळून तुटलेला आहे, मीटरने मोजला. तेलाचे जुने कपॅसिटर रिकामे केले तरी थोडे आपोआप भरतात, हे तुम्हीच शिकवलंत. क्लिप जुनी होती, स्प्रिंग सैल झाली असेल, निसटली असेल. कपॅसिटर भरला असेल. म्हणजे चूक तुमची नव्हती आणि कुणाचीच नव्हती. वस्तूचा दोष. आता करुणाला जाऊ द्या.

शंकररावांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना स्पीकर पुढच्या रविवारी वाजवून दाखवीन म्हणालो आहे. तुम्ही आलात तर त्यांना बरं वाटेल. मलाही.

हात जपा.

तुमचा,
महेंद्र


शिरूर,
शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

दाजी,
जय भीम.

तुमचं उत्तर परवा मिळालं. चार ओळी. पोपटरावाने पाकीट देताना विचारलं, काही वाईट बातमी आहे का, चांगदेवरावांनी दोनदा बजावलं, हातात दे म्हणून. मी म्हणालो, नाही, हिशोबाचं आहे.

तुमच्या ओळी इथे परत लिहितो, म्हणजे मला त्यांना बगल देऊन पळता येणार नाही.

"आपोआप भरलेला कपॅसिटर चिमटा काढतो. माणसाला भिंतीवर फेकत न्हाई. तेवढं भरायला करंट द्यावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरची वायर माझ्या गळ्यात व्हती हे सगळ्यांनी पाह्यलंय. मग करंट कुणी दिला? क्लिप कुठं व्हती? आन् खडूचं लिवलेलं तू पैल्यांदा कवा पाह्यलंस?"

तीन प्रश्न आहेत. दोन दिवस मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं. गिऱ्हाईक आलं तर आजारी आहे म्हणालो. आईने विचारलं, तर तिच्यावर ओरडलो. ती ताटात भाकरी वाढून गेली. आता लिहितो.

करंट मी दिला.

त्या दिवशी तुम्ही पावणेबाराला शंकररावांना घेऊन कोपऱ्यावर चहाला गेलात. मागे कुणी करंट देऊ नये म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून नेहमीसारखी तुमच्या गळ्यात. चहावाला तुम्हाला डॉक्टर म्हणायचा. जाताना तुम्ही मला सांगितलंत, मी येईपर्यंत काही करू नको. शंकरराव हसून म्हणाले, याला काय येतंय, करण्यासारखं. सहज म्हणाले, त्यांच्या लक्षातही नसेल. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, सहा वर्षं तुमच्या हाताखाली होतो आणि गिऱ्हाईक मला बल्ब बदलणारा समजत होतं. मला इतका राग आला की कान गरम झाले.

अ‍ॅम्प्लिफायर ज्यासाठी आला होता ती घरघर कुठून येते ते मला समजलं होतं. तुम्ही यायच्या आत शोधून ठेवावं आणि त्यांच्यासमोर बोट दाखवून सांगावं, एवढंच डोक्यात होतं. वायर तुमच्या गळ्यात होती, पण आपल्या तपासणीच्या स्कोपची वायरही त्याच पिनेची. ती काढली. तुमची क्लिप काढली. करंट दिला, मोजलं आणि मी बरोबर होतो. एका व्हॉल्व्हच्या सॉकेटातून करंट गळत होता. तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला.

मग तुमचं खोकणं ऐकू आलं. मी वायर उपटली आणि परत स्कोपला लावली. काठी तुमच्या टेबलाच्या पलीकडे होती. म्हटलं, साठा रेझिस्टरमधून जिरेल, दाजी हात धुतील, तेवढ्यात क्लिप लावीन. रेझिस्टर तुटलेला आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही हात धुतले नाहीत. सरळ टेबलाशी आलात, डावा हात सवयीने खिशात घातलात, खडूकडे बघितलंत आणि उजवा हात आत नेलात.

दाजी, मी बघत होतो. दोन सेकंद तरी असतील. 'थांबा' म्हणायला अर्धा सेकंद पुरतो. शंकरराव दारात उभे होते. थांबा म्हटलं असतं तर का, हे त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं. मी तोंड उघडलं होतं. आवाज काढला नाही. कपॅसिटर भरलेला नसेल, असं मी मनाशी म्हणत होतो.

डावा हात खिशात होता म्हणून करंट बोटातून शिरून पेटीला टेकलेल्या कोपरातून पत्र्यात गेला, छातीतून गेला नाही. तुमच्याच नियमाने तुम्ही वाचलात. मी वाचवलं नाही. दवाखान्यात नेताना रिक्षात तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हे ताई अजून चारचौघांत सांगते, माझा महेंद्र होता म्हणून. तिथे उठून जावंसं वाटतं. कधी उठलो नाही.

क्लिप टेबलाखाली पडली होती. ताईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, दाजींनी लावलीच नव्हती. ते वाक्य कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. मी आपणहून बोललो.

तिसरा प्रश्न. खडूचं मी गेल्या आठवड्यात पाहिलं असं लिहिलं, ते खोटं. त्याच दिवशी संध्याकाळी झाकण लावताना पाहिलं. पुसायला अंगठा नेला होता. पुसवलं नाही आणि कुणाला दाखवलंही नाही. वरून झाकण ठेवून आठ स्क्रू आवळले आणि शंकररावांना म्हणालो, हे परत उघडू नका, जिवावरचं काम आहे. त्यांनी ऐकलं. ते ऐकत गेले म्हणून मी निश्चिंत होतो. टेम्पोतून पेटी उतरली तेव्हा मी आधी आठही स्क्रू जागेवर आहेत का ते मोजले. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला फिल्मची माहिती हवी होती, हे खरं आहे. पण तुम्ही त्या पेटीबद्दल काही विचारता का, हेही बघायचं होतं.

आणखी एक तुम्हाला माहीत नसेल. इथल्या वायरमन लोकांत कुणी काही विसरलं की म्हणतात, चांगदेव करू नको. नव्या पोरांना तर तुम्ही जिवंत आहात हेही ठाऊक नाही, त्यांना तो नुसता शब्द आहे. माझ्या दुकानात, माझ्यासमोर म्हणतात. मी हसतो. दोन-तीनदा मी स्वतः म्हणालो आहे.

काल दुपारी मी रांजणगावला गेलो होतो. करुणा कागदपत्रं दाखवायला येणार हे ताईने सहा तारखेलाच सांगितलं होतं. कंपनीच्या गेटसमोर रसवंतीच्या बाकावर बसून तिला सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसंच. तिचा रसाचा ग्लास तसाच राहिला, त्यावर माशा बसल्या.

मग म्हणाली, "मामा, पप्पांनी मला घरात मिक्सरचा प्लगसुद्धा लावू दिला न्हाई. मी दहावीत होते तवा बल्ब बदलला म्हणून रडले व्हते ते. मला वाटायचं, मीच काहीतरी वाईट घेऊन जन्मले."

मी म्हणालो, माफ कर. ती म्हणाली, "ते मला नका म्हणू. पप्पांना माहीत हाय का?" मी म्हणालो, लिहितोय. ती उठली आणि तिचा ग्लास तिनेच नेऊन ठेवला. दोन पावलं परत आली आणि म्हणाली, बावीसला ती हजर होणार आहे, तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण हो म्हणालात तर तिला आवडेल. जाताना जय भीम म्हणाली नाही.

आता रविवारचं. स्पीकर तयार आहेत. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर तयार आहेत, रेझिस्टर नवे टाकले, सॉकेट बदललं. जिथे खडूचं आहे ती पट्टी मी पुसलेली नाही, झाकणही लावलेलं नाही. काल पाच मिनिटं वाजवून पाहिलं. माणूस समोर बसून गातोय असा आवाज येतो, तुम्ही सांगायचात तसा. मी लगेच बंद केलं. या दुकानात तो आवाज पहिल्यांदा ऐकायचा माझा हक्क नव्हता, तरी ऐकला.

शंकरराव रविवारी अकराला येतील. त्यांना आधी खडूचं दाखवीन आणि मग मी काय केलं ते सांगीन. वायरमन मंडळींपैकी चौघांना बोलावलं आहे, त्यांनाही ऐकवीन. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर सांगीन, नाही आलात तर तुमच्या पाठीमागे, पण या वेळी खरं. तुम्ही मला दुकानात उभा राहू नको म्हणालात तर किल्ली पोपटरावाकडे पाठवीन. बोर्डावर नाव तुमचंच पहिलं आहे.

माफी मागितलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मागायची आहे. पण साडेअकरा वर्षं तुम्ही स्वतःवर जे धरून बसलात ते आधी तुमच्या हातून सुटू दे. माफी द्यायची की नाही ते मग, सावकाश, किंवा कधीच नाही.

ताईला मी फोन करू शकत नाही. दोनदा लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत कापला. ती माझी बहीण आहे आणि इतकी वर्षं ती तुम्हाला विसराळू म्हणत आली, ते माझ्या शब्दावर. म्हणून एक काम सांगतो. शेवटचं सांगतो असं समजा. हे पत्र तिला वाचून दाखवा. मोठ्याने, पहिल्यापासून. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, मी तिचा भाऊ म्हणून तुम्ही मध्येच कुठेतरी थांबाल, 'कुणीतरी' म्हणाल, 'चुकून' म्हणाल.

तसं करू नका. वाचताना माझं नाव गाळू नका.

महेंद्र